थोडी शंका आणि चांदीचे चमचे

१

कडी वाजली. बेल नाही, कडी. तीसुद्धा एकदाच, कुणी नखाने वाजवावी तशी.

ऋताने फोनवरचं रेकॉर्डिंग थांबवलं आणि आधी पलंगाकडे पाहिलं. आभाची पापणी हलली, ओठ झोपेतच चोखल्यासारखे झाले, आणि पोर पुन्हा निवली.  दुपारची ही शांतता तिने फार खस्ता खाऊन मिळवलेली असे. दोन गोष्टी, एक गाणं आणि मध्ये मध्ये ‘आई, मला पाणी खायचंय’. बंगालीत पाणी खातात, म्हणून कलकत्त्यात वाढणारी आभाही पाणी खायची.

केदारची कस्टम्समध्ये बदली झाली, खिदिरपूरच्या क्वार्टर्स मिळाल्या, आणि ऋताची पुण्यातली कॉलेजची नोकरी मागे राहिली. आता आभा झोपली की ती फोन उशीला टेकवून मराठी बायकांसाठी इंग्रजीचे छोटे धडे रेकॉर्ड करायची. आवाज इतका हळू, की एकदा साताऱ्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, ‘मॅडम, तुम्ही आजारी असता का?’

आजचा धडा होता ‘थोडं’चा. “आपल्याकडे एका थोड्यावर सगळं भागतं,” ती नुकतीच सांगत होती. “इंग्रजीत ‘अ लिटल’ म्हणजे थोडं आहे. नुसतं ‘लिटल’ म्हणजे जवळजवळ नाहीच. ‘अ फ्यू’ म्हणजे काही आहेत, आणि नुसतं ‘फ्यू’ म्हणजे असून नसल्यासारखे. पुढचा एवढासा ‘अ’ पडला, की...”

तेवढ्यात कडी वाजली होती.

दारात प्राजक्ता उभी होती. गल्लीपलीकडच्या मिसेस रोझारिओंच्या बालवाडीत ती शिकवायची, आभाच्याच वर्गाला. शाळा सुटून तास झाला तरी शाळेचा हिरवा एप्रन अंगावर तसाच.

“झोपली ना ती? म्हणून बेल नाही वाजवली.” ती आत आली, खुर्चीच्या कडेवर टेकली, आणि एप्रनचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “ऋता, त्यांनी मला चोर ठरवलं गं.”

२

हकिगत अशी होती. शुक्रवारी शाळेत पालकांचा चहा होता. मिसेस रोझारिओ अँग्लो-इंडियन, घरात चार पिढ्या इंग्रजीच बोललेल्या. शाळा त्यांच्याच जुन्या घरात भरायची. जेवणघरातल्या काचेच्या कपाटात एक शिसवी पेटी असे, आणि त्या पेटीत त्यांच्या आजीच्या लग्नातले चांदीचे चमचे. पेटी सगळ्यांनी पाहिलेली, उघडलेली मात्र कोणी पाहिली नव्हती. ‘टू गुड फॉर टी,’ असं बाई म्हणायच्या, आणि साध्या स्टीलच्या चमच्यांनी साखर ढवळायच्या.

चहा आटोपला, पालक गेले, आणि कपाटातली पेटीची जागा रिकामी दिसली.

“किल्ली सुनीतीकडे असते,” प्राजक्ता सांगू लागली. सुनीती सेन म्हणजे शाळेतली जुनी शिक्षिका. रोज सियालदहला लोकलमधून उतरून पुढे बसने यायची. “कपाट गेल्या वर्षीपासून तिच्या ताब्यात दिलंय. पण काल सकाळी टेबलक्लॉथ काढायला तिने किल्ली मला दिली होती. मी क्लॉथ काढले, कुलूप लावलं, किल्ली परत दिली. पेटीला बोटसुद्धा लावलं नाही.”

“मग तुझ्यावर कसं आलं?”

“साक्षीदार आहे ना! आपलेच मनोहरकाका.”

मनोहरकाका म्हणजे क्वार्टर्समधल्याच अविनाशचे वडील, बँकेतून निवृत्त झालेले. नातवाला, ऋषभला, घेऊन तेही चहाला आले होते. पालकांची गर्दी नको म्हणून मागच्या अंगणात फेऱ्या मारत असताना त्यांना हिरव्या एप्रनमधली, अंबाडा घातलेली एक बाई पेटी घेऊन जाताना पाठमोरी दिसली.

“मॅडमनी त्यांना आज बोलावून विचारलं, ती प्राजक्ताच होती का? आणि काकांनी सांगितलं म्हणे, अगदी खात्रीने. मॅडम मला म्हणाल्या, मिस्टर मनोहर हे तुझ्याच लोकांतले, ते उगाच का बोलतील? सोमवारी सकाळपर्यंत पेटी जागेवर आली तर त्या काही विचारणार नाहीत. नाही आली तर पोलीस.” तिने बोटावरून एप्रनचं टोक सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “आमचे हे बोटीवर. पुढच्या बंदरात पोचेपर्यंत फोनसुद्धा लागायचा नाही. आणि बालवाडीच्या बाईच्या नावाला एकदा हे चिकटलं, की कोण गं पोरं सोपवणार माझ्याकडे?”

पलंगावरून आवाज आला, “मावशी, तू का रडते?”

“रडत नाही गं राणी. डोळ्यात कचरा गेलाय.”

“दोन्ही डोळ्यांत?” आभाने उठून बसत विचारलं.

३

आभाची पाण्याची बाटली शाळेत राहिली होती. खरं तर नव्हती राहिली. पण संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी जायला ऋताला काही तरी निमित्त हवं होतं.

सुनीती व्हरांड्यात रंगीत कागद लावत बसली होती. सडपातळ, चाळिशीची, मानेवर घट्ट अंबाडा, अंगावर तोच हिरवा एप्रन. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तिचं इंग्रजी ऐकत राहावं असं. आभाला पाहून तिने दोन्ही हात पसरले. “एशो शोना!” कागद मात्र तिच्या हातून दोनदा खाली पडले.

“ग्रुपवर वाचलंस का?” तिने ऋताला विचारलं. पालकांच्या ग्रुपवर कुणी तरी लिहिलं होतं, ‘घरात बोर्गी शिरले की चांदी जाणारच.’ बोर्गी म्हणजे मराठे बारगीर; पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्यांच्या स्वाऱ्या इथे अजून कुणी विसरलेलं नाही. एरवी ऋताही त्या विनोदाला हसायची.

“वाचलं,” ती म्हणाली. “तुला काय वाटतं, सुनीतीदी?”

सुनीतीने मान खालीच ठेवली आणि हळू आवाजात इंग्रजीत म्हणाली, “पुअर थिंग. शी मस्ट हॅव थॉट नोबडी वुड मिस अ फ्यू स्पून्स.” बिचारी. तिला वाटलं असेल, थोडे चमचे गेले तर कुणाच्या लक्षात येणार?

वाक्य साधं होतं, कळवळ्याचं होतं. तरी जिभेवर केस यावा तसं ते ऋताला कुठे तरी लागलं. काय लागलं ते तिला सापडेना. तोवर आभाने घसरगुंडी गाठली होती, आणि ऋता मागच्या बाजूला स्वयंपाकघराकडे वळली.

तिथे प्रेमलता कपबशा पुसत होती. हीसुद्धा हिरव्या एप्रनमधली, पण दारात उभी राहिली तर दार दिसू नये अशी. शिवाय गुडघ्याने अधू. पाठमोरीसुद्धा ती दुसरी कोणी वाटणं शक्य नव्हतं.

“मुझे कोई कुछ पूछता ही नहीं,” प्रेमलता कपाला उद्देशून म्हणाली. “मैं तो चूल्हा हूँ न. चूल्हे की आँखें थोड़ी होती हैं!”

“मी विचारते ना. काय पाहिलंस?”

तिने फडका खांद्यावर टाकला. “आपकी सहेली है, इसलिए मैंने मैडम को नहीं बोला. चाय से पहले प्राजक्ता दीदी पिछवाड़े के फाटक से बाहर गई थी. चुपके से. इधर देखा, उधर देखा, फिर गई.”

४

परतताना ऋताने आभाचा हात इतका घट्ट धरला होता, की पोर म्हणाली, “आई, माझा हात मोडेल.”

रात्रीच्या पोळ्या लाटायच्या होत्या, धडा अर्धा राहिला होता, केदारचा फोन येऊन गेला होता. यातलं ऋताने काहीच केलं नाही. ती आभाला कडेवर घेऊन खालच्या मजल्यावरच्या प्राजक्ताच्या दाराशी गेली आणि आत न जाताच विचारलं, “मागच्या फाटकाने तू कुठे गेली होतीस?”

प्राजक्ताचा चेहरा पडला. कोणी सांगितलं, असं तिने विचारलं नाही. तेच ऋताला जास्त लागलं.

“फोन आला होता,” ती शेवटी म्हणाली. “अलिपूरच्या एका मोठ्या शाळेचा. मुलाखत होती फोनवर. मॅडमच्या नाकाखाली बसून कशी देणार गं? म्हणून बाहेर गेले, रस्त्यावर उभी राहून बोलले, परत आले.”

“मला दुपारी का नाही सांगितलंस?”

“मॅडमनी अडल्या वेळी मला घेतलं, नवरा बोटीवर असताना. त्यांच्यामागे दुसरी नोकरी शोधते, हे सांगायची लाज वाटली.”

“हातात काय होतं?”

“फोन. आणखी काय असणार?” मग तिने ऋताकडे नीट पाहिलं. “ऋता, तू मला...”

“नाही गं. वेडी की काय!” ऋता घाईने म्हणाली. “मला फक्त सगळं माहीत असायला हवं.”

तिने विश्वास ठेवला. जवळजवळ सगळाच. पण पायऱ्या चढताना मन पुन्हा पुन्हा त्या फाटकाशी जात होतं. इधर देखा, उधर देखा, फिर गई, ती स्वतःशीच पुटपुटली. आभा खांद्यावर डोकं टेकून गप्प होती, आणि ती गप्प असली की सगळं ऐकत असते हे ऋताला अनुभवाने ठाऊक होतं.

मनोहरकाकांना स्वतः विचारल्याशिवाय आता चैन पडणार नव्हतं.

५

रविवारी सकाळी काकांच्या घरात पोह्यांचा वास होता. ऋषभ आणि आभा गॅलरीत खेळू लागले.

“ये गं ये,” काका म्हणाले. “काल ऋषभला बागबाजारला नेऊन आणलं. म्हटलं, बघ, तुझ्या पूर्वजांच्या धाकाने या लोकांनी इथपासून खंदक खणला होता. तर टॅक्सीवाला मागे वळून म्हणतो, दादा, खंदक बुजला, आता या खुशाल!” ते मनापासून हसले, आणि एकदम थांबले. “त्या प्राजक्ताचं काय झालं गं? मला काल झोप नाही लागली.”

“तुमच्या साक्षीनंतर तुम्हाला काय व्हायला हवं होतं, काका?” ऋताच्या आवाजाला नको तितकी धार आली.

“माझ्या साक्षीनंतर? उलट! मी तर तिला वाचवायला बोललो.”

“वाचवायला?”

“अगं, पाठमोरी बाई, मी जवळच्या चष्म्यात. एप्रन हिरवा, अंबाडा, सडपातळ. प्राजक्ता वाटली, पण असं कुणाच्या पोटावर पाय कसा द्यायचा? रोझारिओबाईंनी विचारलं तेव्हा मी स्वच्छ सांगितलं की मला थोडी शंका आहे.”

ऋताने पोह्यांची बशी खाली ठेवली.

“इंग्रजीत सांगितलंत ना? नेमके शब्द काय होते? तुम्ही बोललात तसेच सांगा.”

काकांनी पाठ ताठ केली. छत्तीस वर्षं बँकेत इंग्रजी पत्रं लिहिलेला माणूस. “मॅडमनी विचारलं, ‘वॉज इट प्राजक्ता?’ मी म्हटलं, ‘मॅडम, आय हॅव लिटल डाउट.’”

गॅलरीत पोरं खिदळत होती. 

“काका,” ती म्हणाली, “पुढचा ‘अ’ कुठे गेला?”

“कुठला ‘अ’?”

“‘अ लिटल डाउट’ म्हणजे थोडी शंका आहे. ‘लिटल डाउट’ म्हणजे शंका जवळजवळ नाहीच. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे त्यांच्या कानाला ते कसं लागतं माहितीये? ‘बाई, मला खात्री आहे.’”

 काकांनी चष्मा काढला, आणि विनाकारण पुसला.

“एवढ्याशा ‘अ’ने?” ते म्हणाले. “मी पोरीला एवढ्याशा ‘अ’ने...”

“तुम्ही आत्ता नका खचू. मला अजून तुमची गरज आहे. ती बाई पेटी घेऊन मागच्या फाटकातून बाहेर पडली का?”

“फाटकातून? छे! ती उलट बाजूला गेली, त्या पत्र्याच्या खोलीकडे. नाटकाचे कपडे ठेवतात ना तिथे. मला कुणी विचारलंच नाही कुठे गेली ते. सगळ्यांना फक्त कोण तेवढंच हवं होतं.” त्यांनी डोळे मिटून आठवलं. “आणि पेटी वाजत होती गं. खुळखुळ्यासारखी. ऋषभ लहान असताना त्याचा होता ना, तसा.”

“खुळखुळ्यासारखी?”

“हो. मला तेव्हाही गंमत वाटली. चांदीचे चमचे भरलेली पेटी अशी खुळखुळते का?”

सुनीतीचं कालचं वाक्य ऋताच्या कानात पुन्हा उभं राहिलं, आणि या खेपेला जिभेवरचा केस सापडला.

६

मिसेस रोझारिओ नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या. डोक्यावरची जाळीदार टोपी अजून काढायची होती. ऋताने आधी काकांचं ‘लिटल’ सांगितलं. बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “ओह, द पुअर मॅन. अँड द पुअर गर्ल.”

“मॅडम, आणखी एक विचारू? राग मानू नका. पेटीत चमचे किती होते?”

टोपीची पिन काढणारा हात थांबला.

“डझनभर. सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना तेच माहीत आहे. मलाही, प्राजक्तालाही. पेटी गेली म्हणजे सगळे चमचे गेले. पण सुनीतीदी म्हणाली, ‘अ फ्यू स्पून्स’. पेटीभर चमच्यांना तुमच्या भाषेत कोणी ‘अ फ्यू’ म्हणेल?” ऋता थांबली. “हा पुरावा नाही, मला कळतं. घाईघाईत कोणीही काहीही बोलतं. पण भरलेली पेटी खुळखुळत नाही, मॅडम. ही खुळखुळत होती. म्हणजे जिने ‘अ फ्यू’ म्हटलं, तिने ती उघडून पाहिली होती.”

खालच्या रस्त्यावरून ट्रकचा भोंगा गेला. गोदीकडे जाणारे ट्रक रविवारीही थांबत नाहीत. मिसेस रोझारिओ खुर्चीत बसल्या.

“माझी बहीण पर्थला गेली तेव्हा रडत होती,” त्या म्हणाल्या. “आईने पेटी उघडली आणि एक चमचा तिच्या पर्समध्ये घातला. मग चुलत भाऊ गेला, त्याची बायको. मग माझी मोठी मुलगी, मग धाकटी, असे आणखी किती तरी. कोणी बोटीने, कोणी विमानाने. जाईल त्याला एक. घराची आठवण म्हणून. मी कुणाला कधी सांगितलं नाही. लोकांना वाटू दे पेटी भरलेली आहे.” त्या किंचित हसल्या. “तू भाषेची माणूस आहेस, तुला कळेल. देअर वेअर फ्यू लेफ्ट, माय डिअर. नॉट अ फ्यू. फ्यू.”

ऋताला ते धड्यात हजारदा सांगूनही असं कधी ऐकू आलं नव्हतं.

“उद्या सकाळी लवकर ये,” बाई उठत म्हणाल्या. “प्राजक्ताला घेऊन ये. आणि तुझ्या त्या मिस्टर मनोहरना.”

७

सोमवारी शाळा भरायच्या आधी जेवणघरात सगळे जमले; काकांच्या बोटाला धरून ऋषभही. आभाला प्रेमलताकडे ठेवलं होतं, पण दोन मिनिटांत ती आईच्या पदरामागे येऊन उभी राहिली होती. सुनीती सगळ्यांत शेवटी आली, सियालदहच्या गर्दीने चुरगळलेली. टेबलाभोवतीची माणसं पाहून ती दारातच थबकली.

मिसेस रोझारिओंनी तिला काही विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, “सुनीती, पेटीत तीन चमचे होते. बरोबर?”

सुनीतीच्या खांद्यावरची पिशवी घसरून खाली आली.

“तुम्हाला माहीत होतं?” तिच्या तोंडून निघालं. आणि मग तिला थांबवता येईना. इंग्रजी, बंगाली, हिंदी, सगळं एकमेकांत. चहासाठी चमचे चकचकीत करून मांडायचे, मॅडमना चकित करायचं, म्हणून तिने पेटी काढली होती. उघडली तर मखमलीवर तीनच, सुटे, इकडून तिकडे घरंगळत. “मला वाटलं कोणी तरी एकेक करून नेतंय. माझ्या ताब्यात असताना. माझ्या किल्लीने! तुम्ही म्हणाला असतात, सुनीतीनेच नेले. पेटीच दिसली नाही तर निदान... मी ती नाटकाच्या पेटाऱ्यात लपवली. विचार करायला एक दिवस हवा होता मला, बस.”

“एकेक करून नेतच होतं कोणी तरी,” मिसेस रोझारिओ म्हणाल्या. “माझं घर. चोरी झालीच नाही, सुनीती.”

“झाली,” प्राजक्ता पहिल्यांदाच बोलली. तिचा आवाज शांत होता, आणि म्हणून सगळ्यांनी ऐकला. “चमच्यांची नाही. मला त्यांनी चोर म्हटलं तेव्हा तू याच खोलीत होतीस, सुनीतीदी. त्या खुर्चीमागे. तू माझ्याकडे बघत होतीस.”

सुनीतीने तोंड हातांत लपवलं. कोणी तिची समजूत घातली नाही. कोणी तिला बोललंही नाही.

काका पुढे झाले. त्यांनी खिशातून काही काढलं नाही, भाषण केलं नाही. “पोरी, माझं चुकलं,” एवढंच म्हणाले, तेही मराठीत, आणि मग बाईंकडे वळून इंग्रजीत काही सुरू करणार तोच ऋषभ म्हणाला, “आजोबा, राहू द्या.” प्राजक्ता त्या स्थितीतही हसली. मग काकाही.

मिसेस रोझारिओंनी सगळ्यांदेखत फोन हातात घेतला आणि पालकांच्या ग्रुपवर स्वतः बोलून संदेश पाठवला. पेटी घरातच होती, चूक आपली होती, प्राजक्ताबद्दल ज्यांनी जे लिहिलं ते त्यांनी आजच्या आज मागे घ्यावं. बोर्गीचा विनोद करणाऱ्याचं नाव घेऊन त्यांनी सुनावलं. मग त्या प्राजक्तासमोर उभ्या राहिल्या. “अलिपूरचं तू सकाळीच सांगितलंस, बरं केलंस; जाणार असशील तर मी अडवणार नाही. शिफारस मी लिहीन. राहशील तर हा वर्ग तुझाच आहे.”

“आज तरी वर्ग घेते,” प्राजक्ता म्हणाली. “पोरं येतील आता. पुढचं नंतर बघू.”

व्हरांड्यात तिने ऋताला गाठलं. एप्रनची नाडी बांधता बांधता तिने एक हात ऋताच्या गळ्यात टाकला, आणि इतका वेळ आवरलेलं रडू शेवटी आलं.

“तू एकटीच गं,” ती ऋताच्या खांद्यात म्हणाली. “आपली माणसं, शाळा, ग्रुप, सगळ्यांना वाटलं. एक तुलाच क्षणभरसुद्धा नाही वाटलं. ते मी मरेपर्यंत नाही विसरायची.”

ऋताने तिच्या पाठीवरून हात फिरवला. फिरवत राहिली.  तेवढ्यात फाटकाशी पहिली रिक्षा थांबली, पोरांचा कलकलाट आत आला, आणि प्राजक्ता डोळे पुसून त्यांच्याकडे धावली.

आभा अजून आईचा पदर धरून होती. तिने प्राजक्ता वर्गात जाईपर्यंत वाट पाहिली. मग पदर ओढला, आईला आपल्या उंचीपर्यंत खाली वाकवलं, आणि गुपित विचारावं तसं कानाशी तोंड नेऊन विचारलं,

“आई, जिन्यात तुला पण वाटलं होतं ना? थोडंसं?”